घरगुती पाळणाघरांचा गट का विस्कटतो, आणि तो बांधायचा कुठून

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला राहत्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. आसपासच्या नऊ-दहा पाळणाघरचालक स्त्रियांचा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप गट केला, सर्वांनी त्यांनाच अध्यक्ष म्हटले आणि पहिल्या बैठकीत सर्वांची फी सारखी ठेवण्याचे ठरले. महिन्याभरात एकीने फी कमी करून दुसरीची दोन मुले आपल्याकडे घेतली, पुढच्या बैठकीला तिघीच आल्या, आणि आता गटावर फक्त शुभ सकाळचे संदेश येतात. संस्था नोंदवली तर शिस्त येईल का, की आपल्यातच नेतृत्वगुण नाहीत, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, नेतृत्वगुणांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही गटाची सुरुवात अशा विषयापासून केलीत, की ज्यात प्रत्येकीला काहीतरी सोडावे लागणार होते आणि त्या बदल्यात तिच्या हाती लगेच काही पडणार नव्हते. फी हा आपल्या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. घराचे भाडे, स्वतःच्या मुलांची शाळा, नवऱ्याचे आणि सासूचे मत हे सगळे त्या एका आकड्याला चिकटलेले असते. ज्यांची एकमेकींशी धड ओळखही नाही अशा स्त्रियांनी पहिल्याच बैठकीत त्याला होकार दिला, कारण समोरासमोर नाही म्हणणे अवघड जाते. तो होकार टिकला नाही यात तुमचा कमीपणा नाही, आणि खरे सांगायचे तर त्या फी उतरवणाऱ्या बाईंचाही फारसा नाही.

खरी अडचण वेगळी आहे. घरी पाळणाघर चालवणारी स्त्री सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत आपल्या कामात एकटी असते. शाळेतल्या बाईंना स्टाफरूम असते, अंगणवाडी सेविकेला मदतनीस आणि पर्यवेक्षिका असतात, कारखान्यातल्या कामगाराला संघटना असते. हिला ताप आला तरी मुले दारात येऊन उभी राहतात, माहेरी लग्न निघाले तर आधी पालकांना विचारावे लागते, आणि सलग चार दिवस दार बंद ठेवले की पालक दुसरे घर पाहू लागतात. अशा स्थितीत शेजारच्या गल्लीतले पाळणाघर तिला केवळ स्पर्धक म्हणूनच दिसणार. ते घर अडचणीच्या दिवशी तिच्या उपयोगी पडले, तर गट खऱ्या अर्थाने सुरू होतो. म्हणून माझे उत्तर एका ओळीत असे आहे की आधी बदलीची, म्हणजे एकीला घर बंद ठेवावे लागेल त्या दिवशी तिची मुले दुसरीने सांभाळण्याची, सोय लावा, फीचा विषय निदान वर्षभर पुढे ढकला, आणि नोंदणीचा त्याच्याही नंतर काढा.

यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगते. तुमच्या गटातल्या बहुतेकींकडे शिक्षक, बँक कर्मचारी, रेल्वेतले नोकरदार यांची मुले असतील तर वेळा ठरलेल्या आणि फी महिन्याच्या महिन्याला येणारी असते. अशोक चौक, साखर पेठ, नीलम नगर या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) परिस्थिती निराळी असते. तिथे मजुरी आठवड्याला येते आणि मूल कधी पूर्ण दिवस, तर कधी आई विड्या जमा करून येईपर्यंत दोन तासच असते. दोन्हीकडे बदलीची गरज सारखीच आहे, पण तिचे नियम सारखे असू शकत नाहीत. तुमची घरे एकमेकींपासून चालत दहा मिनिटांच्या आत आहेत की रिक्षा करावी लागते, यावरही बरेच ठरते.

बदलीची सोय म्हणजे काय ते नीट सांगते, कारण ‘गरज पडली तर एकमेकींना मदत करू’ एवढ्यावर सोडले की ती मदत कधीच होत नाही. सगळ्या गटाची एक व्यवस्था करू नका, दोन-दोन किंवा तीन-तीन घरांच्या जोड्या लावा. जोडी मैत्रीवर लावू नका, अंतरावर आणि मुलांच्या वयावर लावा. जिच्याकडे सगळी तान्ही मुले आहेत तिची जोडी शाळेतून येणारी मोठी मुले सांभाळणारीशी लावली, तर बदलीच्या दिवशी दोघींचीही त्रेधा उडेल. मग महिन्यातून एकदा, कोणतीही अडचण नसताना, एका घरातली मुले तास-दोन तास दुसऱ्या घरी न्यावीत आणि सोबत त्यांच्या बाईंनी बसावे. ही पायरी अनेकींना अनावश्यक वाटते. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला अनोळखी घरात अनोळखी बाईकडे एकदम सोडले, तर ते दिवसभर रडते, जेवत नाही, झोपत नाही, आणि संध्याकाळी पालकांना त्या बदलीविषयी जे वाटते ते कायमचे वाटते. घर ओळखीचे असेल तर तेच मूल अर्ध्या तासात खेळायला लागते.

प्रत्येक मुलाचे एक कार्ड दोन्ही घरी असावे. त्यावर मूल काय खाते, कशाची अ‍ॅलर्जी आहे, झोपवताना काय लागते, घरी कोणत्या भाषेत बोलतात, लसीकरण कुठवर झाले, डॉक्टर कोण, आणि आई-वडिलांशिवाय मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे हे लिहिलेले असावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नेहमीच्या बाईंना आजोबा, मामा सगळे चेहऱ्याने माहीत असतात, बदलीच्या बाईंना नसतात. पालकांची संमती प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावी आणि त्यांना ते बदलीचे घर आधी दाखवावे. ‘मी आजारी पडले तर मूल इथे असेल, इतर कुठेही नाही’ असे सांगता आले की पालकांचा विश्वास वाढतो. एकटीने चालवलेल्या पाळणाघराला ही गोष्ट कधीच देता येत नाही, आणि गटात राहण्याचे मोल चालकांना कळते तेही इथेच.

पैशाचा हिशेब सुरुवातीलाच ठरवा. महिन्याच्या फीला कामाच्या दिवसांनी भागून जी रोजची रक्कम येते, ती बदली करणारीला मिळावी. बदल्या सारख्या झाल्या तर फिटाफीट होते, पण एकीचीच जास्त झाली तर तिच्या मनात राहून जाते आणि ती बोलत नाही, गटातून हळूहळू बाजूला होते. भिशीत जसे प्रत्येकीला ठाऊक असते की माझा नंबर येणार आणि तो वहीत लिहिलेला आहे, तसेच बदलीचेही वहीत असावे. मर्यादाही ठरलेली हवी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत एका केंद्रात एक सेविका व एक मदतनीस यांच्याकडे जास्तीत जास्त 25 मुले धरली होती. तो नियम अनुदानित केंद्रांसाठी होता, आपल्या दोन खोल्यांच्या घरांसाठी नव्हे. माझ्या अनुभवात एकट्या बाईने सात-आठ मुलांच्या पुढे जाऊ नये, आणि त्यात दोन वर्षांखालची तीनपेक्षा जास्त नसावीत. बदलीच्या दिवशी ही मर्यादा ओलांडणार असेल, तर बंद राहणाऱ्या घरातली मदतनीस मुलांबरोबर दुसऱ्या घरी गेली पाहिजे, नाहीतर काही मुले तिसऱ्या घरी वाटून द्यावीत. वर्षाच्या आतल्या बाळाची बदली शक्यतो करूच नये, त्या दिवशी पालकांनी रजा काढावी हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

आता तुमच्या भूमिकेकडे येते. अशा गटात नेतृत्व म्हणजे बहुतांशी निरोप वेळेवर पोहोचवणे, वही नीट ठेवणे आणि कुणाचे कुठे अडले आहे ते आधी ओळखणे. पण एक ठिकाण असे आहे, की जिथे गट तुम्हाला खरोखर जोखतो, आणि ते म्हणजे नव्या पालकांची चौकशी. गटाचे नाव झाले की फोन तुमच्याकडे येऊ लागतील, कारण पुढे तुम्ही दिसता. त्यातला प्रत्येक फोन ही कमाई आहे. तुमच्याकडे एक जागा रिकामी आहे आणि फोन करणारे पालक सैफुलला राहतात, जिथून गटातल्या दुसऱ्या बाईंचे घर जवळ आहे, अशा वेळी तुम्ही काय करता ते सगळ्या पाहत असतात, जरी कोणी बोलत नसले तरी. माझे मत स्पष्ट आहे की ज्या दिवसापासून तुम्ही पुढारपण घेता, त्या दिवसापासून गटाकडे आलेली चौकशी आधी घराच्या अंतराने आणि मग रिकाम्या जागांच्या यादीने वाटली जावी, आणि दोन घरे सारख्याच अंतरावर असतील तर तुमचा नंबर शेवटचा असावा. चौकशीचा फोन, तारीख आणि तो कोणाकडे पाठवला ही नोंद गटावर टाका. एवढे केलेत तर तुम्हाला अध्यक्ष म्हणवून घ्यायची गरज उरत नाही, आणि हे केले नाही तर कोणत्याही पदाने तुमचा शब्द चालणार नाही. हे थोडे नुकसानीचे आहे, हे मी मान्य करते. ज्या बाईंचे घर केवळ याच उत्पन्नावर चालते, तिने पुढारपण न घेणेच बरे. ज्यांची मुले भरलेली आहेत किंवा घरात दुसरे उत्पन्न आहे, त्यांनी हे ओझे घ्यावे.

बैठकीला तिघीच आल्या असे तुम्ही लिहिता, पण बैठक कधी ठेवली होती ते लिहिलेले नाही. संध्याकाळी सातला शेवटचे मूल जाते, तेव्हा स्वतःच्या घरचा स्वयंपाक व्हायचा असतो. रविवारी नवरा आणि मुले घरी असतात. शिवाय आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि प्रत्येक भागाची पाळी वेगळी, त्यामुळे ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवशी बोलावलेली बैठक म्हणजे न बोलावल्यासारखीच. आधी प्रत्येकीचा पाण्याचा दिवस विचारा. मुले झोपतात त्या दुपारच्या वेळेत, शेजारच्या तीन-चार जणींनी एका घरी, झोपलेल्या मुलांसह जमणे सर्वांत सोपे जाते. बैठक पाऊण तासाची असावी आणि घर दर वेळी बदलावे. दुसरीचे घर पाहणे हेच मोठे शिक्षण असते, कारण बाटल्या कुठे ठेवल्या आहेत, जिन्याला फाटक कसे लावले आहे, उन्हाळ्यात खोली थंड ठेवायला काय केले आहे, हे भाषणातून कळत नाही. सगळ्या गटाची बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर ती ठेवूच नका.

पुढे गट वाढवायचा असेल तर भाषेचा विचार करा. पूर्व भागातल्या अनेक जणी घरी तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड किंवा दखनी असते. बैठक नुसत्या पुस्तकी मराठीत झाली की त्या मान डोलावतात आणि पुन्हा येत नाहीत. दोन भाषा येणाऱ्या एखाद्या अक्कांना शेजारी बसवून बोललेले लगेच सांगायला लावा, आणि बदलीची कार्डे शब्दांपेक्षा चित्रांनी भरता येतील अशी करा. विड्या वळता वळता शेजारणीची दोन मुले सांभाळणारी बाई स्वतःला पाळणाघरवाली म्हणवत नाही, पण काम ती तेच करते. तिला गटात घ्यावे असे माझे मत आहे, मात्र सुपातला तंबाखू आणि मूल एका खोलीत नको ही अट ठेवून. ही अट नुसती सांगून भागत नाही. घर एकाच खोलीचे असेल तर तिची मुले दुपारचे तीन-चार तास जोडीच्या घरी आणि उरलेला वेळ तिच्याकडे, अशी काही सोय गटाने करून द्यावी लागते.

फीविषयी तुम्ही विचारलेच आहे, तेव्हा ते टाळत नाही. सगळ्यांची फी एक असणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. जुळे सोलापुरातल्या बंगल्याच्या तळमजल्यावर चालणारे पाळणाघर आणि चाळीतले पाळणाघर यांचे खर्चच वेगळे असतात. एकत्र ठरवायचीच असेल तर हिशेबाची रीत ठरवा. समजा एका घरात आठ मुले आहेत आणि प्रत्येकाची फी 2,500 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 20,000 रुपये येतात. खाणे, गॅस, वीज, मदतनिसाचा पगार, साबण-फिनेल यांवर 9,000 रुपये जातात आणि हाती 11,000 उरतात. दिवसाचे 11 तास आणि महिन्याचे 25 दिवस धरले तर 275 तास होतात, म्हणजे तासाला 40 रुपये पडले. आता या बाईंनी आणखी दोन मुले मिळावीत म्हणून फी 500 रुपयांनी उतरवली आणि ती कळताच जुन्या पालकांनीही तेवढीच द्यायला सुरुवात केली, तर दहा मुलांचे पुन्हा 20,000 रुपयेच येतात, आणि दोन मुलांच्या खाण्याचा खर्च वाढल्यामुळे हाती पूर्वीपेक्षा कमीच उरते. कामाचा भार मात्र वाढलेला असतो. हा हिशेब प्रत्येकीने आपापल्या आकड्यांनी स्वतःच्या वहीत करावा आणि तो कोणाला दाखवायची सक्ती नसावी. माझ्या पाहण्यात फी उतरवणे थांबते ते ठरावापेक्षा या गणिताने अधिक. सगळ्यांनी मिळून ठरवण्यासारख्या गोष्टी निराळ्या आहेत. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जागा राखून ठेवायची असेल तर किती फी घ्यायची, उशिरा नेण्याचे किती, आणि फी महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत यावी, या बाबतीत एकीने ठाम राहिले आणि दुसरीने सोडून दिले तर दोघींचेही नुकसान होते.

इथपर्यंत मी सहमतीबद्दल लिहिले, पण काही गोष्टी अशा आहेत की ज्यांवर मत घ्यायचेच नसते. मुलाला मारणे, झोपवण्यासाठी औषध देणे, मूल घरातल्या एखाद्या पुरुषाच्या किंवा मोठ्या मुलाच्या भरवशावर सोडून बाजारात जाणे, यांत गटाच्या प्रमुखाने गोडीगुलाबी करू नये. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. ‘आधी गटात बोलू, मग पाहू’ असे म्हणायची मुभा तिथे नाही. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर असावा. मदतनीस ठेवताना तिची पोलीस पडताळणी करावी, आणि ती करायला गटाने एकत्र जावे म्हणजे कोणाला अवघड वाटत नाही. साध्या आजारांची यादी मात्र सगळ्यांनी मिळून एका बालरोगतज्ज्ञांना विचारून करा. ताप, जुलाब, तोंडातले व तळहातावरचे फोड, डोळे येणे यांत मूल किती दिवस घरी ठेवायचे हे सर्व घरांत एकच असले, तर ‘तिकडे घेतात, तुम्हीच का नाही’ हे पालकांचे बोलणे थांबते.

नोंदणीचे थोडक्यात सांगते. बचत गटासारखा दहा ते वीस जणींचा अनौपचारिक गट नोंदणीशिवायही ठराव करून बँकेत गटाच्या नावे खाते उघडू शकतो, आणि बदलीच्या हिशेबाला व थोड्या शिलकीला तेवढे पुरते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि आपल्याकडे त्यासोबत धर्मादाय आयुक्त कार्यालयात विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद करावी लागते, म्हणजे दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि कागदपत्रे आली. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार निरनिराळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणी लागतात. अहमदाबादेत ‘सेवा’ या स्त्री कामगारांच्या संघटनेच्या पुढाकाराने बालसंगोपन करणाऱ्या स्त्रियांची ‘संगिनी’ ही सहकारी मंडळी उभी राहिली, तेव्हा हा मार्ग अशक्य नाही. पण तिच्यामागे मोठी संघटना आणि हिशेबाला माणसे होती. तुम्हाला नोंदणीची गरज तेव्हा पडेल, जेव्हा एखादी कंपनी किंवा रुग्णालय तुमच्या गटाशी करार करू इच्छील. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय देणे बंधनकारक झाले, त्यामुळे अशी मागणी येणे शक्य आहे. तोपर्यंत नोंदणीने शिस्त येत नाही, फक्त सह्या वाढतात. अमेरिकेत घरगुती बालसंगोपन करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना 1982 पासून आहे, आणि तिथे अनेक राज्यांत परवाना लागत असल्याने कोण कुठे काम करते याची यादी सरकारकडेच असते. आपल्याकडे तीही आपणच करायची आहे, म्हणून पहिले काम म्हणजे कोणाचे घर कुठे, किती मुले, कोणत्या वयाची, पाण्याचा दिवस कोणता, ही एका पानाची यादी.

शेवटी त्या फी उतरवणाऱ्या बाईंविषयी. त्यांना गटातून काढू नका आणि ती दोन मुले परत करा असेही म्हणू नका. मूल एका घरात रुळले की ते हलवणे त्याच्या हिताचे नसते, आणि पालकांना घर निवडायचा हक्क आहे. मात्र ज्यांची मुले गेली त्यांच्या घरी आधी तुम्ही स्वतः जा, येणाऱ्या पुढच्या दोन चौकश्या त्यांच्याकडे पाठवा आणि तसे गटावर लिहा. मग फी उतरवणाऱ्या बाईंकडे जा, फीचा विषय काढू नका, आणि त्यांना शेवटची सुट्टी कधी मिळाली होती ते विचारा. बदलीची पहिली जोडी त्यांच्याच घराची लावता येते का पाहा. त्या नाही म्हणाल्या तर आग्रह नको, दुसऱ्या दोन घरांपासून सुरुवात करा. जूनमध्ये शाळा सुरू होताना नवे प्रवेश होतात, त्याच्या आत दोन जोड्या चालू झाल्या तर नव्या पालकांना सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल, आणि तेव्हा त्या स्वतः विचारायला येण्याचा संभव बराच आहे.